वहिनींची ड्यूटी

कुठलीही नवी गोष्ट समोर आली की वहिनी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारायच्या. नव्या मापाचं खोकं असो, कँटीनमध्ये बसवलेलं चहाचं यंत्र असो. फेरी पुरी झाली की म्हणायच्या, “पयले बगू, मंग घाबरू.” आणि बघून झाल्यावर घाबरायचं बहुतेक वेळा राहूनच जायचं.

एकदा आमच्या पॅकिंग हॉलमध्ये साप निघाला. बायका टेबलांवर चढल्या, सुपरवायझर दाराबाहेर गेला आणि तिथून “शांत राहा, शांत राहा” असं सांगत राहिला. वहिनी खाली एकट्या. हात मागे बांधून त्यांनी लांबूनच फेरी मारली आणि म्हणाल्या, “धामन हाय. बिचारी वाट चुकलीय.” मग पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा आडवा धरून, घरात शिरलेल्या वासराला हाकलावं तसं त्यांनी तिला मागच्या दाराने शेतात घालवलं. सुपरवायझर आत आला तेव्हा त्याला म्हणाल्या, “आता तुमी पन शांत व्हा.”

वहिनींचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही सगळेच त्यांना वहिनी म्हणायचो, साहेबसुद्धा. त्या आपटा गावाच्या अलीकडच्या एका आगरी गावातल्या. मी पनवेलच्या जुन्या भागातली. पळस्पे सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की औषधाच्या गोळ्यांचा आमचा कारखाना होता. मी तिथे क्वालिटीत होते, म्हणजे पॅक झालेला माल तपासायचा. बाहेरून साधी, आतून भक्कम अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण माणसाचं काम यंत्राकडे जाताना, त्याच्या मधोमध उभं राहिलेलं माणूस मी एकच पाहिलं.

काम सोपं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या. एक पट्टी आणि घडी घातलेला माहितीचा कागद छोट्या खोक्यात सारायचा, झाकण लावायचं, पुढे ढकलायचं. दिवसभर तेच. लांबलचक स्टीलच्या टेबलांभोवती तीसेक बायका उभ्या असायच्या आणि वहिनी त्यांच्या लीडर. कामात बोलायला बंदी होती. गुणगुणायला बंदी आहे असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं, हा शोध वहिनींचा. त्यांच्याकडे लग्नात धवले गातात. ते धवले या बायका तोंड मिटून म्हणायच्या. टोप्या आणि मास्क घातलेल्या, एकीचंही तोंड दिसत नाही, आणि हॉलभर लग्नघरातला सूर. एक नवा साहेब आला होता, त्याने पहिल्या दिवशी मला विचारलं, “हा कुठल्या मशीनचा आवाज आहे? सर्व्हिसिंग कधी झालं?”

मी गरोदर होते तेव्हा तपासणीच्या टेबलापाशी मला दिवसभर उभं राहावं लागायचं. एका सकाळी येऊन बघते तर तिथे स्टूल. साहेबांनी विचारलं, “हे कोणी आणलं? तपासणी उभ्यानेच करायची असते.” वहिनी पलीकडून म्हणाल्या, “सायेब, बसून पन डोळ्यांना दिसतं.” स्टूल राहिलं.

त्यांचा ‘ड्यूटी’ या शब्दावर फार जीव होता. एकदा मी त्यांना म्हटलं, “वहिनी, हे काम इतकं कंटाळवाणं, तुम्हाला एवढं कसं आवडतं?”

त्या म्हणाल्या, “म्याडम, आमी पयले काय बसून खात होतो? शेतात राबत होतो, मिठागरात राबत होतो. पन शेतावर निघाली का सासू हाक मारून परत बोलावते. ड्यूटीला निघाली का कोन बोलवत नाय.”

हे मी नंतर त्यांच्या गावात पाहिलं. कंपनीची बस सकाळी यायची तेव्हा बायका हातातलं काम टाकून निघायच्या आणि घरातली माणसं ते मुकाट्याने उचलायची. सासरे गुरं सोडायचे, नवरे पाणी भरायचे. कोणी कोणाला काही शिकवलं नव्हतं. बस यायची, एवढंच.

मग मशीन आलं.

मोठ्या लाकडी पेटाऱ्यातून आलं. हॉलच्या एका बाजूला पत्रा लावून जागा केली होती. पुण्याहून आलेल्या इंजिनियरने ते जोडलं आणि एका दुपारी सगळ्यांसमोर चालवून दाखवलं. चपटं खोकं आपोआप उघडायचं, पट्टी आणि कागद आत जायचे, झाकण लागायचं. आमच्या एका टेबलाचं अर्ध्या दिवसाचं काम त्याने चहा थंड होईपर्यंत संपवलं. वहिनींनी हात मागे बांधले आणि त्या यंत्राभोवती फिरल्या. या वेळी दोन फेऱ्या मारल्या.

“काय गोड काम करतंय,” त्या म्हणाल्या. “माजं मनगट झोपू देत नाय. ह्याचं नाय दुकत.”

बायकांना हे आवडलं नाही. वहिनींनी इंजिनियरला विचारलं, “भाऊ, ह्याला किती मानसं लागतील?”

“एका पाळीला तिघं पुरे,” तो अभिमानाने म्हणाला. मग त्याने आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं आणि पान्हा शोधायला खाली वाकला.

वहिनींची धाकटी जाऊ याच टेबलावर, त्यांच्या शेजारी काम करायची. एकाच अंगणातल्या दोघी. धाकटी तापट, हाताने फार चपळ. त्या संध्याकाळी बसमध्ये ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “एक खिळा टाका त्याच्यात. बास.”

वहिनी म्हणाल्या, “खिळा टाकला तर दुसरं आनतील. आनि आपल्याला त्याच दिवशी काडतील.”

“मंग काय त्याची पूजा करायची?”

“पयले बगू.”

“तू बगतच राहा,” धाकटी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

थोड्याच दिवसांत कळलं की मशीन चालवायला बाहेरून आयटीआय झालेली मुलं घेणार आणि बायकांना टप्प्याटप्प्याने कमी करणार. बायकांनी ठरवलं, काम बंद करून बसून राहायचं. परदेशात जाणारी एक मोठी ऑर्डर तेव्हा हातात होती आणि मशीन अजून अडखळत होतं. म्हणजे बसून राहिलं असतं तर साहेबांची अडचण झाली असती. वहिनींनी बायकांकडे एक दिवस मागून घेतला आणि साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. वाटेत मला म्हणाल्या, “चला माज्याबरोबर. बोलू नका, नुसत्या उब्या राहा. दुसरं मानूस असलं का सायेब नीट बोलतो.”

मी उभी राहिले.

“सायेब, मशीन थांबवा असं मी सांगायला नाय आले,” वहिनी म्हणाल्या. “चांगलं हाय. पन ते चालवायला आमच्यातल्या बायका घ्या.”

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “वहिनी, ते टेक्निकल काम आहे. त्यांना जमणार नाही.”

“जमनार नाय हे शिकवल्यावर कळतं. आदी कसं कळलं?”

“आणि घाबरल्या तर?”

“घाबरल्या तर सांगतील. पोरं घाबरली तर सांगनार नाय.”

साहेब हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ही ऑर्डर आमी हातानं पुरी करून देतो. एक खोकं मागं राहनार नाय. त्या बदल्यात तुमी शिकवा. ज्या शिकतील त्यांना ठेवा. नाय शिकल्या तर तुमची पोरं आना, मी सोता त्यांना चा पाजीन.”

साहेब म्हणाले, “बघू.” वहिनी जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा ते म्हणाले, “ठीक आहे. शिकवू.”

ऑर्डर वेळेवर गेली. बायकांनी रागारागात, पण चोख काम केलं. ती संपता संपता शिकवणी सुरू झाली. मशीनच्या पॅनेलवर सगळं इंग्रजीत होतं. वहिनी सातवी शिकलेल्या. पहिल्या दिवशी बटण दाबायला कोणी पुढे येईना तेव्हा त्या गेल्या. मागे बांधलेले हात सोडवले, उजवा हात हिरव्या बटणावर नेला. “चल गो बाय,” त्या मशीनला म्हणाल्या आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं आणि इंजिनियरने टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ खोकं अडकून ते बंदही पडलं. वहिनी म्हणाल्या, “बगा, मानसाळलं.”

पण सगळ्यांत चांगलं मशीन चालवायला शिकली ती धाकटी. तीच, जिला त्यात खिळा टाकायचा होता. आवाजावरून तिला कळायचं की आता अडकणार. इंजिनियर पुण्याला परत जाताना साहेबांना सांगून गेला, “ह्या ताईंना सोडू नका.”

आता निवड करायची होती. मशीन शिकलेल्या पुष्कळ होत्या, पण दोन पाळ्या मिळून सहाच जणी राहणार होत्या. साहेब म्हणाले, मी ठरवतो. वहिनी म्हणाल्या, आमचं आमी ठरवू, तुमी फक्त मशीन शिकलेलीच बाई हाय का नाय एवढं बगा. आणि जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमागच्या शेडमध्ये सगळ्या बसल्या. मी लांब बाकावर होते.

ज्यांना दुसरा आधार नाही त्या राहतील, असं ठरलं. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एक विधवा, एकीला माहेर-सासर दोन्ही तुटलेलं. कोणी वाद घातला नाही. स्वतःचं दुःख मोठं करूनही कोणी सांगितलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. वहिनींचं नाव मात्र सगळ्यांनी एकमुखाने पहिलं घेतलं होतं.

“माजं काडा,” वहिनी म्हणाल्या. “माज्या घरात उरणच्या बंदरातला पगार येतो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आनि धाकटीचं पन काडा. तिच्या नवऱ्याचा टेम्पो हाय.”

धाकटी उठून उभी राहिली. “मी सगळ्यांत चांगलं चालवते,” ती म्हणाली.

“ते खरं हाय,” वहिनी म्हणाल्या.

“मंग?”

“तुज्या घरात चूल पेटते, धाकटे.”

धाकटी तिथून निघून गेली. ती बसमध्ये वहिनींपासून लांब बसली, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोललीच नाही. एकच अंगण, एकच विहीर, आणि एक शब्द नाही.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. धाकटीला ते काम नुसतं पगारासाठी हवं होतं असं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला ‘ह्यांना सोडू नका’ म्हटलं होतं. वहिनी बरोबर होत्या, आणि धाकटीवर अन्यायही झाला, दोन्ही खरं आहे. वहिनींनाही ते कळत होतं. त्या दिवसानंतर त्या हॉलमध्ये गुणगुणल्या नाहीत.

बाकीच्या बायका गेल्या. मोठी बस बंद होऊन छोटी गाडी सुरू झाली. हॉल शांत झाला, म्हणजे मशीनचा आवाज होता, पण शांत झाला. राहिलेल्या सहा जणींनी मशीन उत्तम सांभाळलं. पुढे बाहेरून मुलंही आली, आणि त्यांना शिकवलं यांनीच.

वहिनींना मी विसरले नव्हते, पण भेटायला गेले ते बऱ्याच दिवसांनी. गावात शिरले आणि चकित झाले. सकाळची वेळ, जुन्या बसच्या थांब्यावर पंधरा-वीस बायका उभ्या. नीट साड्या नेसलेल्या, खांद्याला पिशव्या. मला वाटलं, कुठे दुसरीकडे काम लागलं असावं.

“काम नाय,” वहिनी म्हणाल्या. “पन ड्यूटीच्या टायमाला घरातून निगायचं, हे मी सोडू दिलं नाय. एकदा बसलो ना, म्याडम, मंग घरातले परत उटू देनार नाय. आताशी कुटे सासरे गुरं सोडायला शिकलेत.”

सुरुवातीला गावाने थट्टा केली. नोकरी गेली तरी बायका ड्यूटीला निघतात म्हणून पारावर हसायचे. बायका थांब्यावरून देवळाच्या मंडपात जायच्या आणि तिथून कामाच्या शोधात चारी दिशांना. कोणी नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायला, कोणी फार्महाउसवर. मग एक दिवस वहिनी पळस्प्याला एका ढाब्यावर थांबल्या. तिथे मुंबईहून गोव्याला निघालेली माणसं मासे मागायची आणि सोबत मैद्याची रोटी खायची. वहिनींना ते बघवेना. मालकाला म्हणाल्या, “बोंबलाबरोबर हे काय देता तुमी? उद्या मी तांदळाच्या भाकऱ्या आनते. लोकांनी नाय खाल्ल्या तर घरी नेते.”

घरी न्यायची वेळ आली नाही. वर्षभरात तीन-चार ढाब्यांना भाकऱ्या जाऊ लागल्या. पळस्प्याजवळ एक गाळा घेतला, तिथे बायका ओळीने थापायला बसायच्या. त्यांना रोज सकाळी न्यायला टेम्पो होता तो धाकट्या दिराचा. दीर वहिनींना शेजारच्या सीटवर बसवून न्यायचा, आणि त्याची बायको दारात उभी राहून टेम्पोकडे पाठ करायची. वहिनींनी तिला किती वेळा कामाला बोलावलं, याची गणती नाही.

एकदा मी गाळ्यावर गेले तेव्हा एक विक्रेता भाकरीचं यंत्र घेऊन आला होता. पीठ मळायचं आणि गोळे करून द्यायचं. वहिनी त्याच्याभोवती फिरत होत्या आणि ओळीतल्या बायका थापणं थांबवून बघत होत्या. यंत्राचं काम झकास होतं. मला वाटलं, त्या नको म्हणतील.

“घेनार,” त्या विक्रेत्याला म्हणाल्या. “पन आता नाय. मळनाऱ्या दोगी मोकळ्या होतील. त्यांची सोय लागली का बोलावते.”

त्यानंतर त्या करंजाड्याला जाऊन आल्या. तिथे नव्या इमारती भराभर उठत होत्या, नवरा-बायको दोघं कामाला जाणारी घरं. जेवणाच्या डब्यांचं काम त्यांनी तिथे उभं केलं, मळणाऱ्या दोघींना त्यावर नेमलं, ते नीट चालतंय असं बघितलं आणि मगच यंत्र आणलं. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, “त्यात काय? सायेबानं पयलं मशीन आनलं आनि मंग मानसांचा विचार केला. मी उलटं केलं. वेळ लागतो जरा.”

मी शिकलेली बाई. यंत्रं, नोकऱ्या, पुढच्या जगाचं काय होणार, यावर पुष्कळ वाचलेलं आहे. या चार वाक्यांपलीकडचं फार काही मला त्यात सापडलेलं नाही.

माझीही पाळी आली. मशीनवर कॅमेरा बसवला. खोक्यात कागद नसला, पट्टी वाकडी असली तर कॅमेरा ते खोकं आपोआप बाजूला टाकायचा. म्हणजे मी जे डोळ्यांनी करत होते तेच, न थकता. मला दुसऱ्या विभागात जाण्याविषयी विचारलं, तेही खात्री नसलेलं. त्या संध्याकाळी मी घरी न जाता पळस्प्याला उतरले. वाटलं होतं, वहिनी आपलं ठरलेलं वाक्य म्हणतील आणि मला धीर येईल.

त्या म्हणाल्या, “घाबरा आता थोडं. घाबरायचीच गोष्ट हाय.” आणि हाताचं पीठ न धुता माझ्या शेजारी पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “उद्या सकाळी घरातून कुटे जानार, ते मला आताच सांगा.” मी काहीतरी सांगितलं. पनवेलला एक लॅब होती, तिथे विचारीन म्हटलं. आणि सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी गेले. अजून तिथेच आहे.

वहिनी गेल्या त्या अचानक. भातलावणीला स्वतःच्या शेतात उतरल्या होत्या. नंतर ताप आला, तो त्यांनी साधा म्हणून अंगावर काढला. पनवेलला आणलं तोवर उशीर झाला होता. मी भेटले तेव्हा त्या बोलत नव्हत्या. त्यांचं मनगट हातात घेऊन मी थोडा वेळ बसले.

बाराव्याला मला जायला जमलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले. आभाळ भरलेलं होतं. थांब्यावर बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, दिराचा टेम्पोही लागलेला होता. पण कोणी चढत नव्हतं. पुढच्या सीटकडे सगळ्या बघत होत्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. दीर स्टीअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता.

तेवढ्यात धाकटी अंगणातून बाहेर आली. केस विंचरलेले, खांद्याला पिशवी. माझ्यापाशी आली तेव्हा तिने मला ओळखलं.

“रोज सकाळी दाराशी येऊन सांगून जायची,” ती म्हणाली. “निगते गो, म्हनायची. मी एकदा पन ओ दिली नाय.”

ती टेम्पोच्या मागच्या बाजूला गेली, पदर खोचला, फळीवर पाय देऊन वर चढली. मग बाकीच्या चढल्या.

“सरका गो जरा,” धाकटी आतून म्हणाली, “अजून दोगी खाली हायेत.”

बायका सरकल्या. टेम्पो पळस्प्याच्या दिशेने निघाला.